बिनकामाचा रस्ता

१२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस नावाचा जर्मन वनाधिकारी आपण तयार केलेल्या लाकडी दुचाकीवर बसला. मानहाइम शहरातून श्वेत्सिंगेनच्या रस्त्याला लागला, वाटेतल्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर, तेही तासाभराच्या आत. गाडीला पायडल नव्हतं, चेन नव्हती. पायांनी जमीन मागे रेटत पुढे जायचं. त्या ठाण्यावर त्याला कुणाला भेटायचं नव्हतं आणि तिथून काही आणायचंही नव्हतं. आपलं यंत्र चालतं हे लोकांना दाखवायचं होतं म्हणा, तेव्हा अगदीच निर्हेतुक फेरी म्हणता येणार नाही. पण गेला आणि आला, एवढंच. सायकलीचा इतिहास जिथून सुरू होतो त्या दिवशी कुणाचंही काही काम झालं नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

कारण मी पुण्यात ज्या सायकली बघत वाढले त्या सगळ्या कामाला जुंपलेल्या होत्या. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं कौतुक होतं. त्या कौतुकात संध्याकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाल्यावर फाटकातून लोटणारा सायकलींचा लोंढा होता, पेपरवाले होते, पोस्टमन होते, किटल्या लटकवलेले दूधवाले होते. सायकलीवर कर होता, तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला होता. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवलेलं दिसलं की पोलीस अडवायचा. सायकल म्हणजे संसार होता. तिच्यावर बसून उगाच भटकायला जाणारा माणूस आमच्या वाड्यात तरी कुणी पाहिला नव्हता.

वडील खडकीला त्याच कारखान्यात होते. त्यांची सायकल काळी, उंच, पूर्ण चेनकव्हरची; मागच्या कॅरिअरला डबा आवळलेला. रविवारी ती अंगणात उलटी व्हायची. चाकं हातानं फिरवून, कान लावून ते छर्‍यांचा आवाज ऐकायचे, तेल सोडायचे, जुन्या बनियनच्या चिंधीनं स्पोक एकेक करून पुसायचे. त्या दिवशी तिच्यावर बसायचे मात्र नाहीत. सहा दिवस राबलेल्या जनावराला सुट्टी द्यावी तशी ती भिंतीला टेकून उभी असायची.

मी कॉलेजात असताना एका संध्याकाळी गणेशखिंड रस्त्यानं बसनं येत होते. त्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंनी वडांची सावली होती. विद्यापीठापासून शेतकी कॉलेजकडे छान उतार आहे, आणि त्या उतारावर मला वडील दिसले. दोन्ही पायडलं स्थिर, हँडलला एकच हात, दुसरा मांडीवर, टोपी खिशात, केस मागे उडालेले. खडकीहून पेठेत यायला हा रस्ता मुळीच जवळचा नव्हे. वाकडेवाडीवरून सरळ आले असते तर पंधरा-वीस मिनिटं आधी घरी पोचले असते. घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखा चहा मागितला, मीही काही बोलले नाही. पण तेव्हापासून मला खात्री आहे की नुसती मजा ही काही आजच्या गिअरवाल्या सायकलींबरोबर आलेली चीज नाही. कामाच्या सायकलीतही ती होती. फक्त डब्याच्या आड लपून होती आणि कुणी विचारलं तर ‘त्या रस्त्याला रहदारी कमी’ असं कारण तयार होतं.

आईला असं कारण कधी मिळालं नाही. तीही सायकल शिकलेली होती. नारायण पेठेत नदीकडे ताशी भाड्यानं सायकली देणारं एक दुकान होतं, तिथून अर्ध्या तासासाठी सायकल घ्यायची आणि मैत्रिणींनी मागून सीट धरायची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही, मुठा पेठांत शिरली आणि ते दुकान सायकलींसकट गेलं. नंतर तिचं लग्न झालं. घराबाहेर ती पुष्कळ पडायची. पण दळण टाकायला, रेशनच्या रांगेत, कुणाच्या बारशाला, देवळात. हातात पिशवी नसलेली आई रस्त्यावर मला आठवत नाही. वडिलांना निदान लांबचा रस्ता तरी होता. बाईनं काही काम नसताना बाहेर पडायचं म्हणजे देव तरी वाटेत हवा.

पुढे सायकल कामातून गेली. १९७२ साली बजाजची चेतक आली. तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, पण ज्याचा नंबर लागला त्याची सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. मग मोपेड आल्या, मोटरसायकली आल्या, आणि सायकलींच्या शहरात सायकलवाल्यानं जीव मुठीत धरून चालवायचं असा दंडक पडला. मधे बरीच वर्षं गेल्यावर सायकल परत आली. हेल्मेट घालून, बाटली लावून, रविवारची.

तिच्यात दोन जाती आहेत. एक पराक्रमी. हे लोक ब्रेव्हे करतात, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, तीनशे वीस तासांच्या आत, आणि तसेच पुढे सहाशेपर्यंत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांचा संघ करून अख्खी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विशी ओलांडायच्या आधीच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. या लोकांपुढे मी मनापासून हात जोडते आणि बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ देते. माझी जात दुसरी. या जातीला पोचायची घाई नसते, आणि किती वेळात पोचलो हे घड्याळाला विचारायची गरजही वाटत नाही.

हवेचं गणितही आमच्या बाजूचं आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. ताशी पंधरावरून तीसवर जाणारा माणूस जो घाम गाळतो, त्यातला बहुतेक नुसती हवा बाजूला सारण्यात जातो. सावकाश जाणार्‍याला मात्र सायकल जवळजवळ फुकट नेते. १९७३ साली एस. एस. विल्सन यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात दाखवून दिलं होतं की वजन आणि अंतर दोन्ही हिशेबात धरली तर सायकलवरचा माणूस सगळ्या प्राण्यांपेक्षा आणि यंत्रांपेक्षा काटकसरीनं प्रवास करतो. तेवढंच अंतर चालून जायला जी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात. वाचवलेली ऊर्जा मी डोणज्याला पोहे खाऊन दुपटीनं परत घेते, तो भाग वेगळा.

मार्गशीर्षातला रविवार या कामाला, म्हणजे बिनकामाला, उत्तम. पहाटे बोटं गारठतात, ब्रेक दाबताना हाताला कळतही नाही. सिंहगड रस्ता एरवी माणसाचा अंत बघतो. त्या वेळी तो चक्क रस्ता असतो. किरकटवाडी मागे पडली की हवा बदलते. खडकवासल्याच्या भिंतीपाशी पोचेतो पाण्यावरची वाफ दिसण्याइतका उजेड झालेला असतो. पुण्यापासून इथवर मुठेच्या कडेनं जाणारा हा रस्ता दिसायला सपाट आहे. पण आपण धरणाकडे, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेनं चाललोय, हे डोळ्यांच्या आधी मांड्यांना समजतं. मोटारीत बसून हा चढ मला कधी भेटला नव्हता.

डोणजे फाट्यावर पराक्रमी मंडळी डावीकडे सिंहगडाच्या घाटाला लागतात. मी सरळ पानशेतच्या रस्त्यानं. उजव्या हाताला सतत पाणी, पलीकडच्या काठावर एनडीएची हद्द, डावीकडे डोंगर. गोर्‍हे, खानापूर, मालखेड. भातं कापून झालेली असतात, खाचरांत नुसते बुडखे, बांधावर पेंढ्याच्या गंजी. तारेवर वेडे राघू ओळीनं बसलेले, एकेक झेप घेऊन माशी टिपून परत आपल्याच जागेवर. उथळ पाण्यात वंचक मातीच्या रंगाचा होऊन उभा. उडाला की एकदम पांढराशुभ्र. मला वाटतं सायकलीचा वेग हा बरोबर वासांचा वेग आहे. चालताना एकाच वासात फार वेळ राहावं लागतं, गाडीत वास येतच नाहीत. इथं मात्र चुलीचा धूर, मग शेण, मग ओला पेंढा, मग कुणाच्या तरी अंघोळीच्या बंबाची राख, असं गाव एकेक उलगडत मागे जातं. मधे एखादा उतार लागतो. पायडल थांबवलं की फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज तेवढा उरतो, डोळ्यांत गार वार्‍यानं पाणी येतं, आणि आपोआपच हँडलवरचा एक हात सुटून मांडीवर जातो.

मालखेडच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबले होते. बाकावर बसलेल्या आजोबांनी सायकल पाहिली, मला पाहिलं.

“ताई, कुणाकडं निघाला?”

“कुणाकडं नाही. पानशेतपर्यंत जाऊन येते.”

“तिथं काय काम काढलं?”

“काम काही नाही. असंच.”

त्यांनी थोडा विचार केला. “घरच्यांना सांगायचं की. गाडीवर सोडलं असतं कुणी.”

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. तरुणपणी ते दोन्ही बाजूंना किटल्या लावून रोज पुण्याला दूध घेऊन जायचे. अंधारात निघायचं, पावसात निघायचं, चेन पडली तर काळ्या हातांनी बसवायची आणि दूध नासायच्या आत पोचायचं. “पोरानं फटफटी घेतली आन् सायकल इकली, त्या दिवशी झोप लागली बघा.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. ज्या सायकलीवर बसण्यासाठी मी आठवडाभर वाट बघते, तिच्यातून सुटणं हा त्यांच्या आयुष्यातला सुखाचा दिवस होता. सायकलीचे गोडवे गाणारे आम्ही शहरी लोक या आजोबांना कधी मोजत नाही. रोज चढावाच लागणारा चढ आणि हवा तर चढावा असा चढ, यांत उंचीचा फरक नसतो, पण ते दोन वेगळे डोंगर आहेत. त्यांना मात्र माझा राग आला नाही, कीवही फारशी आली नाही. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. पाहुणी म्हणाले.

परतताना वेळेचं भान ठेवावं लागतं. नऊ वाजून गेले की पुण्याहून मोटारींची रांग सुरू होते. खडकवासला चौपाटीवर कणसं भाजायला लागतात, भजी पडतात, आणि एकमेकांना हॉर्न देणारी कुटुंबं धरणाकडे सरकत असतात. त्या रांगेच्या उलट्या दिशेनं सायकल हाकताना मला फार शहाणं असल्यासारखं वाटतं. तसं वाटायचं खरं तर काही कारण नाही. त्यांनाही आज काही काम नाहीये. मागच्या सीटवर एखादी बाई असते, काच खाली करून पाण्याकडे बघत, मांडीवर पर्स सोडून काही नाही. तिच्याशी माझं भांडण असायचं कारण नाही. भांडण आहे ते तिच्या गाडीनं पांढर्‍या पट्टीपलीकडे मला ढकलण्याशी, आणि ते मी तोंडानं, मराठीत, व्यवस्थित करते.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. पानशेतचं नाव काढलं की इतकी वर्षं तिला पूरच आठवायचा. कुठल्या घरात कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं ते ती अजून सांगते. मी तिकडे जायला लागल्यापासून तिचे प्रश्न बदललेत. पाणी किती आहे, भातं निघाली का, थंडी पडलीय का. मागच्या रविवारी मी घरात शिरले तेव्हा तिनं माझे रिकामे हात पाहिले आणि न राहवून म्हणाली, “अगं, इतकी तंगडतोड करतेस, येताना पावट्याच्या शेंगा तरी आणाव्यात. रस्त्याला विकायला असतात तिकडे. आणि आंबेमोहोर कुणाकडे घरचा मिळाला तर पाच किलो.”

“सायकलला कॅरिअर नाहीये,” मी म्हटलं.

“मग बसवून घे की. केवढ्याला पडतं?”

फार नाही पडत, मी सायकलवाल्याला विचारलंय. तो सर्व्हिसिंगबरोबर फुकटसुद्धा बसवून द्यायला तयार आहे. मी नको म्हणाले.