माडीवरची तक्तपोशी

यंदाच्या पौषात इंदूरला माहेरी जाण्याचा योग आला. बडोद्याहून रात्री अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसले आणि रतलाम, उज्जैन मागे टाकून सकाळी इंदूरच्या स्थानकावर उतरले, तेव्हा माळव्याची थंडी शालीतून आत शिरत होती. भाच्याने फोनवर सांगितले होते, "आत्या, माडीवरच्या फळ्या काढून टाइल्स बसवायच्या म्हणतो. घर सामाईक आहे, तुझा होकार हवा." होकार बडोद्यात बसूनही देता आला असता, पण मन घेईना.

रामबागेतले आमचे घर आजोबांनी बांधलेले. खाली दगड-विटा आणि वर सारे सागवान. जाड तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर इंचाहून जाड फळ्यांची जमीन. जुने सुतार हिला तक्तपोशी म्हणत. त्या काळी नर्मदेकाठच्या आणि सातपुड्याच्या रानांतले सागवान इंदूरला दूरचे नव्हते. खालच्या मजल्यावर मात्र सहा वर्षांपूर्वी चकचकीत टाइल्स आल्या आणि गेल्या पावसाळ्यात त्यांवरच काकूचा पाय घसरून मनगट मोडले. काकू एक्याऐंशी वर्षांची. तेव्हापासून ती माडीवरच राहते.

भाच्याच्याही तक्रारी खोट्या नव्हत्या. फळ्या करकरतात, फटींतून खालच्या खोलीत धूळ पडते, वाळवीची धास्ती असते. मिस्त्री दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी भाच्याला म्हटले, "चल, तोवर तुला लाकूड दाखवते."

आधी राजवाड्यावर गेलो. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ च्या सुमारास उभारणी झालेली ही सात मजली वास्तू. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. मान वर करून पाहताना लहानपणीचाच अचंबा पुन्हा वाटला. भाचा मात्र शांतपणे म्हणाला, "आणि १९८४ च्या दंगलीत हाच जळाला ना, आत्या?" खरे होते. राजवाड्याने एकूण तीनदा आग सोसली आहे. मागचा जळालेला भाग पुढे नव्याने बांधावा लागला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. जमीन काहीही ठेव, पण घरातल्या जुनाट विजेच्या तारा आधी बदल, एवढेच मी त्याला बजावले.

तेथून लालबागेत आलो. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत १८८६ साली सुरू झालेला हा महाल पुरा व्हायला १९२१ साल उजाडले. इंग्लंडहून आणवलेल्या फाटकांचे सर्वांनाच कौतुक. मला कौतुक तिथल्या नृत्यदालनाचे. त्याची जमीन लाकडी असून खाली स्प्रिंगा बसवल्या आहेत, नाचणाऱ्यांची पावले थकू नयेत म्हणून. आपल्या घरी कोण नाचणार? परंतु दिवसाचे चार तास ओट्याशी उभी राहणारी बाई काही कमी पावले टाकत नाही. कड्यांवर बसवलेली फळी पायाखाली केसभर लवते. काँक्रीटवर चिकटवलेली टाइल मुळीच लवत नाही. हा फरक गुडघ्यांना उमगतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पारा दहा अंशांखाली गेला होता. मी अनवाणीच जिना उतरले. खाली पाय ठेवताच शिरशिरी आली. वर आले तर तसे काही नाही. वास्तविक दोन्ही खोल्यांतली हवा सारखीच गार. दगड किंवा टाइल तळव्याची ऊब भराभर ओढून घेते, लाकूड ती फार सावकाश घेते, इतकेच. भाच्यालाही मोजे काढायला लावले. तो काही बोलला नाही, पण चहा माडीवर घेऊन आला.

मिस्त्रींनी चार-पाच ठिकाणच्या फळ्या उचलल्या. बहुतेक कड्या ठणठणीत होत्या. मोरीच्या भिंतीलगत मात्र वर्षानुवर्षे पाणी मुरून दोन कड्यांची टोके आणि पाच फळ्या कुजल्या होत्या. वाळवीने पोखरले होते तेही बाहेरचे फिकट लाकूड. तेलकट, तांबूस गाभ्याला तिने तोंड लावले नव्हते. मिस्त्री म्हणाले, "सागाचा वैरी वाळवी नव्हे, पाणी." मग त्यांनी एका कोपऱ्यात रंधा फिरवला. काळ्या, मळकट थराखालून सोनेरी लाकूड वर आले, तेव्हा आम्ही तिघेही खाली वाकून पाहू लागलो. एवढी जाड फळी अशी आणखी दोन-तीनदा तरी तासता येईल. टाइलचा चेहरा एकदा गेला की गेला.

नवे सागवान महाग. म्हणून पाडलेल्या वाड्यांतले जुने लाकूड आणायचे ठरले. वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने ते फारसे वाकत नाही. मोरीपुढे चार फूट कोटा फरशी येईल. तिथे लाकडाचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. फटींत लाकडाच्या बारीक पट्ट्या बसतील, पण भिंतीकडेची फट मोकळीच राहील, कारण पावसाळ्यात फळी आडवी फुगते आणि तिला सरकायला जागा लागते. तासल्यावर जवसाच्या तेलाचा हात. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेटतो; त्या उघड्यावर पसरून वाळवा, असे मिस्त्रींनी दोनदा सांगितले. राजवाडा डोळ्यांपुढे असल्याने मी ते तिसऱ्यांदा सांगितले. यापुढे बादलीभर पाणी ओतून पुसणे बंद. केर काढायचा आणि फडके घट्ट पिळून फिरवायचे. भाच्याची बायको म्हणाली, "हे तर सोपंच झालं."

जिन्याच्या तोंडाशी एक फळी सर्वांत जास्त करकरते. मिस्त्री ती स्क्रूने आवळायला बसले, तशी पलंगावरून काकू म्हणाली, "अरे, काय करून राहिलात? ती तेवढी राहू द्या."

"का गं काकू?" मी विचारले.

"हा रात्री किती वाजता घरी येतो, ते मला तिच्यावरूनच कळतं."

भाचा हसत हसत खाली निघून गेला. जाताना ती फळी करकरलीच.