आरोपी कोपऱ्यात बसलेला

कोळी दिसला की चप्पल, हा आमच्या घरचा शिरस्ता, आणि तो सर्वांत कडक मीच पाळायची. त्यामागे भीती होती, पण मी तिला स्वच्छता म्हणायचे. "कोळी अंगावर मुतला की फोड येतात," हे आजीने आईला सांगितलं, आईने मला आणि मी माझ्या मुलांना. रात्रीतून मानेवर नाहीतर दंडावर उठलेला लालभडक चट्टा, त्यावर पिवळट फोडांची रांग आणि नुसती आग. हा कोळ्याचाच प्रताप, असा ठराव कोकणातल्या कुठल्याही आळीत मांडला तर विरोधात एक हात वर होणार नाही.

माझं मत फिरलं ते कोळ्याच्या प्रेमात पडून नाही. एका पावसाळ्यात माझ्याच मानेवर तसा चट्टा उठला. त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी तो पाहिला आणि भलताच प्रश्न विचारला, "रात्री खिडकी उघडी ठेवून दिव्याखाली वाचत बसता का?" बसत होते. "मग कोळ्याला कशाला दोष देताय? मानेवर किडा चिरडलात तुम्ही."

तो किडा मी मग ट्यूबलाइटखाली शोधलाच. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, मुंगीच्या अंगलटीचा. डोकं काळं, मान नारिंगी, त्यामागे निळसर चकाकीचे तोकडे पंख, पुन्हा नारिंगी आणि शेपटीचं टोक काळं. चालताना शेपूट वर उचलतो. पेडेरस हे त्याचं शास्त्रीय नाव. भातखाचरात राहून पिकावरच्या किडी खातो, म्हणजे तसा शेतकऱ्याच्या कामाचा. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पावसाळ्यात दिव्याकडे येतो, अंगावर उतरतो, आपण पेंगत हाताने पुसतो आणि तो चिरडला जातो. मग त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं. लगेच काही कळत नाही. आग सुरू होते दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही पुढच्या. तोवर किड्याचा मागमूस नसतो. छताच्या कोपऱ्यात कोळी मात्र असतोच, आणि शिक्षा त्याला होते.

हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. चट्टा रेघेसारखा लांबट असतो, कारण पुसताना हात फिरला तसं विष पसरतं. कोपराच्या आतल्या वळणात लागलं तर हात मिटल्यावर समोरच्या कातडीवरही तसाच दुसरा चट्टा उमटतो. राहिला कोळ्याच्या मुतण्याचा प्रश्न. भिंतीवर पांढुरके-काळपट ठिपके दिसतात ना, ती त्याची विष्ठा. ती पुसायला कंटाळा येतो, एवढाच तिचा त्रास.

मग मी घरातले कोळी मारण्याआधी बघू लागले. आमच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा तळहाताएवढा, तपकिरी, चपटा कोळी सर्वांत भीतिदायक. पाय खेकड्यासारखे आडवे पसरलेले, डोळ्यांखाली फिकट पिवळसर पट्टी. इंग्रजीत याच्या जातभाईंना हंट्समन म्हणतात. लिनियसने 1767 मध्ये याची शास्त्रीय नोंद केली. शिकारीसाठी हा जाळं विणत नाही, रात्री पळून झुरळं धरतो. मादी पोटाखाली पांढरी, कागदी दिसणारी चकती घेऊन हिंडते. ती अंड्यांची पिशवी. तिला केरसुणीने मारताना मी एकेकाळी एका फटक्यात शेकडो मारल्याचं समाधान मानत असे! हा चावतो तो हाताखाली दाबला गेला तरच. दुखतं, थोडं सुजतं, आणि ओसरतं.

पलंगाखालचा काटकुळ्या लांब पायांचा कोळी आणखी निरुपद्रवी. त्याला डिवचलं की तो जाळ्यासकट असा गदागदा हलतो की धड दिसेनासाच होतो. दिवाळीआधी आपण झाडतो ती जळमटं बहुतेक याचीच. खिडकीच्या चौकटीवर टुणकन उडी मारणारा बुटका कोळी तर पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी वळून आपल्याकडेच पाहतो आणि माश्या-डास टिपतो.

विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, पण ते किड्याला गारद करण्यापुरतं. जगात 50,000 हून जास्त जातींची नोंद झाली आहे. माणसाच्या जिवाला धोका व्हावा अशा त्यातल्या फारच थोड्या. तरी सरसकट अभयदान द्यायला मी तयार नाही. सह्याद्रीत जाडजूड, केसाळ टॅरँट्युला आहेत. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या त्यांच्यातल्या काही जाती चावल्या तर स्नायूंत दिवसचे दिवस वांब येतात. असा केसाळ पाहुणा घरात आला तर हात न लावता डब्याखाली झाकायचा आणि बाहेर सोडायचा. आणि जळमटं मी आजही झाडते. कोळी घरात असला की लक्ष्मी येते वगैरे मी म्हणणार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. आमच्या कोकणात लाल विंचवाने खरोखर माणसं मारली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशाला वापरून दाखवलं, तेव्हा कुठे ते मृत्यू आटोक्यात आले. लाकडं काढताना, चपलेत पाय घालताना जी भीती हवी, ती आम्ही न्हाणीघरातल्या कोळ्यावर उधळत बसलो.

तेव्हा पावसाळ्यात अंगावर काही चालताना जाणवलं तर चापट मारू नका, फुंकर घालून उडवा. चिरडलं गेलंच, तर ती जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. निजायच्या खोलीतला दिवा उगाच जळत ठेवू नका. आणि विंचू चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.