माईआत्याचे हात

घरात कोणाला ताप आला, की आमच्याकडे डॉक्टरांच्या आधी माईआत्याला निरोप जाई. ती येई, चपला दाराशी काढी, मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुई आणि मगच आजाऱ्याच्या उशाशी बसे. हात धुतल्याशिवाय ती कोणाला शिवत नसे आणि एकदा हात धुतले, की कोणालाही शिवायला कचरत नसे. चाळीस वर्षे नर्सची नोकरी केलेल्या बाईची ही सवय, यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. पण या शिवण्या-न शिवण्यातच तिचे सारे आयुष्य गेले, म्हणून मुद्दाम सांगितले.

माईआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर वाईचे. माझे आजोबा शाळामास्तर आणि विचाराने सुधारक. गणेशोत्सवात स्त्रीशिक्षणावर व्याख्यान द्यावे, तर त्यांनीच! अशा माणसाची लेक १९५९ साली मॅट्रिक झाली आणि म्हणाली, "मला नर्स व्हायचंय." घरात सुतक पडल्यासारखे झाले. शिक्षिका हो, पोस्टात लाग, काहीही कर. पण परक्या माणसांची अंगे पुसायची, त्यांची भांडी उचलायची, हा काय आपल्या घरातल्या मुलीचा उद्योग? आजोबांनी अडवले नाही. व्याख्याने दिलेल्या तोंडाने अडवता येईना! त्यांनी फक्त अट घातली. सुट्टीत घरी आल्यावर परसातल्या आडावर आंघोळ केल्याखेरीज माजघरात पाऊल टाकायचे नाही आणि देवघरात तर जायचेच नाही.

एकट्या माझ्या आजोबांना बोल लावण्यात अर्थ नाही. पुण्यात सेवासदन निघाले ते १९०९ साली. रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हाही लोकांचा विरोध नेमक्या याच गोष्टीला होता. कोणाचेही मलमूत्र काढायचे, कोणत्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, हे पांढरपेशांच्या गळी उतरत नव्हते. मधे पन्नास वर्षे गेली, देश स्वतंत्र झाला, तरी वाईच्या आडावरची बादली जागची हलली नव्हती.

माईआत्याने ती अट मुकाट्याने पाळली. "आंघोळ केल्यानं कोणाचं वाईट झालंय?" असे ती हसत म्हणे. पण आडाचे थंड पाणी अंगावर घेताना ती रडत असे, हे पुढे माझ्या वडिलांनी मला सांगितले.

पुण्याचे तिचे दिवस कष्टाचे होते. तीन वर्षांचे शिक्षण, त्यावर सुईणपणाचा अभ्यास. तेव्हा टोचायची पिचकारी काचेची असे; ती उकळून घ्यायची, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून पुन्हा धारदार करायच्या, धुतलेल्या पट्ट्या गुंडाळून ठेवायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा ती अजून शिकतच होती. पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या शहरात रोगराई पसरू नये म्हणून लसी टोचण्याचे काम निघाले. त्या रांगा आठवून ती म्हणे, "त्या दिवसांत कोणी जात विचारली नाही रे. दंड पुढे करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आठवडाभर माझा अंगठा वाकत नव्हता."

मी मराठीचा मास्तर. त्यामुळे शब्दांचा चाळा सुटत नाही. 'परिचारिका' हा शब्द मी सरकारी कागदावर वाचला आहे, पण खाटेवरून तो कोणी पुकारलेला ऐकला नाही. हाक येते ती 'सिस्टर' अशीच. म्हाताराही तीच हाक मारतो, पोरही तीच मारते. परक्या भाषेतून आलेला हा शब्द वेदनेच्या क्षणी तोंडातून निघून निघून अगदी आपला झाला. मौज अशी, की इस्पितळात शेकडो लोकांची बहीण झालेली माईआत्या स्वतःच्या घरी मात्र आडापाशी थबकत होती.

तिचे लग्न झाले नाही. स्थळे येत, 'रात्रपाळी' हा शब्द ऐकला, की परत जात. एकाने नोकरी सोडायची अट घातली, त्याला तिनेच नकार कळवला.

दिवाळीत ती क्वचितच घरी असे. लेकुरवाळ्या मैत्रिणींना घरी धाडून त्यांची पाळी ती आपल्याकडे घेई. त्या दिवसांत भाजलेली माणसे फार येत. म्हणून घरी आली, की तिचे कायदे सुरू. फुलबाजी उडवायची तर सुती कपडे घालून आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. नायलॉनच्या साडीचा पदर पणतीजवळ नेलेला तिला खपत नसे. भाजले तर शाई नको, तूप नको, दातांची पेस्ट नको. वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरायचे आणि मग डॉक्टर गाठायचा. आम्ही पोरे कंटाळून जात असू. आज हेच कायदे मी माझ्या मुलीला सांगतो आणि ती कंटाळते.

१९८९ साली आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणे जड झाले. माईआत्या साठलेली रजा घेऊन वाईला आली आणि त्यांच्या खोलीत तिने आपले अंथरूण टाकले. उशाशी गजराचे घड्याळ. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, ती त्यांची कूस बदली, पाठ पुसून कोरडी करी, चादरीची एक सुरकुती राहू देत नसे. अडीच महिने ते खाटेवर होते; पण पाठीला एक जखम नव्हती. तपासायला येणारे डॉक्टर पाठ पाहत आणि काही न बोलता मान डोलवत.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. एका संध्याकाळी तिने आजोबांचे कपडे बदलले, मळलेले धोतर उचलले आणि ती परसाकडे निघाली. आजोबांनी चांगल्या हाताने तिचे मनगट धरले. अडखळत, एकेक शब्द जुळवीत ते म्हणाले, "माई... आडावर... जाऊ नकोस."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हात तर धुवायलाच हवेत, अप्पा. तुमच्यासाठी." आणि गेली. ती परत येईपर्यंत आजोबा दाराकडे पाहत होते. तीस वर्षांचा हिशेब त्या दोघांनी एवढ्यातच मिटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला फुले माईआत्याने वाहिली आणि घरात कोणी अवाक्षर काढले नाही.

ती १९९९ साली निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात कोणा पाहुण्यांनी तिला 'सेवेची देवी' म्हटले. घरी येऊन हार खुंटीला अडकवीत ती म्हणाली, "देवीला नैवेद्य दाखवतात रे, पण खातात आपणच!" पगार वाढवून मागणाऱ्या आणि रात्रपाळीच्या खोलीला धड कडी मागणाऱ्या नर्सना देवी व्हायचे नसते, हे मला त्या दिवशी कळले.

माईआत्या २०१६ साली गेली. चार वर्षांनी, २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी, डॉक्टर-नर्सांचे आभार मानण्यासाठी आपण सगळ्यांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की घरमालक नर्सना खोल्या रिकाम्या करायला सांगत आहेत. मला वाईचा आड आठवला. साथीची भीती खोटी नव्हती, हे मी जाणतो. पण जी भीती आपल्याला वाटली, ती रोज अंगावर घेऊन काम करणाऱ्या बाईला आपण दार लावून घेतले, हेही खरेच.

या दिवाळीतही कुठल्या तरी वॉर्डात रात्रपाळी चालू असेल आणि सकाळी कोणी थकलेली बाई आपल्याच इमारतीचा जिना चढत असेल. तिला देवी म्हणू नये. फराळाचे ताट न्यावे. ते ती रिकामे परत करणार नाहीच; त्यात तिच्या हातचे जे काही येईल, ते तिच्या देखत तोंडात टाकावे. माईआत्याला एवढे पुरले असते.