मेताउरोचा पोयटा

मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात मेताउरो ही तशी बेताची नदी. ॲपेनाइनच्या डोंगरांतून उतरते आणि फानो गावाजवळ एड्रियाटिक समुद्राला मिळते. इतिहासात तिचे नाव येते ते इ. स. पू. 207 मधल्या लढाईपुरते. भावाच्या, म्हणजे हॅनिबलच्या, मदतीला निघालेला हसद्रुबल तिच्या काठी मारला गेला. या नदीच्या वरच्या खोऱ्यात, तिच्या एका मोठ्या वळणाच्या कुशीत, उर्बानिया हे सुमारे 7000 वस्तीचे गाव आहे. जुने गाव 1277 मध्ये उर्बिनोच्या लोकांनी उद्ध्वस्त केले. 1284 मध्ये पोपचा प्रतिनिधी ग्योम द्युरां या फ्रेंच धर्मशास्त्र्याने ते वळणात नव्याने वसवले, म्हणून ते कास्तेलदुरांते झाले. पुढे 1636 मध्ये पोप आठव्या उर्बानने त्याला शहराचा दर्जा दिला आणि देणगीदाराने देवळाच्या पायरीवर नाव कोरून घ्यावे तसे आपले नावही देऊन टाकले. प्रवासी पुस्तकांत हे गाव उर्बिनोच्या पुरवणीसारखे येते. राफाएल जन्मला उर्बिनोत, ड्यूक फेदेरिकोचा दिमाखदार राजवाडा उर्बिनोत. उर्बानियाच्या वाट्याला एका चर्चमधली 18 सुकलेली प्रेते, ड्यूकचा एक वाडा आणि जानेवारीतली बेफाना म्हातारीची जत्रा. गावाकडे आज काय उरले आहे यावरून त्याची किंमत करण्याची ही रीत मला पटत नाही. काही गावांचा हिशेब त्यांच्याकडून बाहेर काय गेले यावरूनच लागतो, आणि उर्बानिया त्यांपैकी आहे.

बाहेर जे गेले त्याची सुरुवात चिखलातून झाली. चिप्रियानो पिकोलपास्सो या कास्तेलदुरांतेच्याच माणसाने 1557च्या सुमारास कुंभारकामावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला, आणि त्याचा आरंभ मातीपासूनच होतो. डोंगरात पाऊस झाला की मेताउरो फुगते, गढूळ होते, आणि ओसरताना पात्रात अगदी बारीक पोयटा ठेवून जाते. उन्हाळ्यात तो पोयटा खरवडून गोळा करायचा, त्याचे ढीग घालायचे, उन्हात वाळवायचा. मग चाक, मग भट्टी, मग खरी करामत. एकदा भाजलेले भांडे पांढऱ्या द्रावात बुडवायचे. त्या द्रावात जाळलेले कथील आणि शिसे, वाळू, आणि वाइनच्या पिंपांच्या तळाशी बसलेला साका जाळून केलेला क्षार. हा पांढरा थर वाळला की चुन्याच्या ताज्या भिंतीसारखा कोरडा आणि तहानलेला होतो. त्यावर कुंचला टेकवला की रंग जागच्या जागी शोषला जातो. खोडायची सोय नाही. पिकोलपास्सो कुंचल्यांचे केससुद्धा सांगतो: शेळीचे, गाढवाच्या आयाळीचे, आणि बारीक रेघेसाठी उंदराच्या मिशा. भट्टी पेटवण्याआधी देवाची प्रार्थना करा आणि चंद्र कुठल्या पक्षात आहे ते पाहा, असेही बजावतो. उतरत्या चंद्रात जाळ मंद पडतो, असे त्याने जुन्या जाणत्यांकडून ऐकलेले. आजच्या वाचकाला याचे हसू येईल. पण ज्या धंद्यात महिन्याची मेहनत एका रात्रीत तडकू शकते, तिथे माणूस चंद्राकडे बघणारच.

या चिखलाचे काय झाले ते पाहायचे तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जावे लागते. तिथे एक वाडगा आहे. आत पोप दुसऱ्या जुलियसची राजचिन्हे, बोलोन्याच्या मान्झोली घराण्याची ढाल, आणि भोवती गुबगुबीत बाळे, अर्धे बोकड अर्धी माणसे, वेलबुट्टी यांची गर्दी. पाठीवर तारीख आहे, 12 सप्टेंबर 1508, शिवाय गावाचे नाव आणि कुंभाराचे: झोआन मारिया. पोपचे चिन्ह काढणारा हात आपली सहीही ठेवतो, यातला आत्मविश्वास लक्षात घेण्यासारखा आहे. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इथल्या ताटल्यांवर तरुणींचे मुखडे आले. बाजूच्या फितीवर प्रत्येकीचे नाव आणि पुढे ‘सुंदर’ अशा अर्थाची पदवी. औषधविक्यांच्या बरण्याही इथून चौफेर जात. मग कारागीरही जाऊ लागले. गुईदो दुरांतिनो उर्बिनोला गेला, तिथे फोंताना हे आडनाव लावले, आणि 1535 मध्ये फ्रान्सचा सरदार आन द मोंमोरांसी याच्यासाठी भांड्यांचा अख्खा संच त्याच्या कारखान्यात झाला. श्रेय साहजिकच उर्बिनोच्या नावावर चढले.

इथे पहिला आक्षेप येतो. माती तर फाएन्झात होती, देरुतात होती, पेझारोत होती. मेताउरोच्या पोयट्यात वेगळे काय? शिवाय आश्रय ड्यूकचा, चित्रांचे नमुने राफाएलच्या चित्रांवरून काढलेल्या छापांचे, कथील परदेशी. मग गावाचे म्हणून काय राहिले? आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही आहे. नदीने कला जन्माला घातली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. नदीने केले ते एवढेच, की कच्चा माल दाराशी, दरसाल आणि फुकट आणून टाकला, रंग दळणारी जाती फिरवली, आणि त्यामुळे एका छोट्या वस्तीत हे काम करणारी माणसे दाटीवाटीने राहू शकली. एकटा हुशार कुंभार कुठेही निपजतो. पण वाळूत किती क्षार घालायचा यावर रोज वाद घालणारे शेजारी असावे लागतात, तेव्हा कुठे पिकोलपास्सोसारखा माणूस त्या वादांची वही करू शकतो. दरबार असलेली गावे इटलीत पुष्कळ होती. असा ग्रंथ मात्र या गावातून आला, आणि त्याचे स्पष्टीकरण ड्यूकच्या थैलीत सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. बाहेर जाणे हीच थोरवी मानली तर लुटले गेलेले प्रत्येक गाव थोर ठरेल. उर्बिनोचा शेवटचा ड्यूक फ्रान्चेस्को मारिया दुसरा 1631 मध्ये याच गावात वारला आणि संस्थान पोपच्या राज्यात विलीन झाले. त्याने इथे जमवलेले पुस्तकांचे भांडार 1667 मध्ये पोप सातव्या अलेक्झांडरने रोमच्या विद्यापीठात नेले. गावाला दिलासा द्यायला मर्कातोरचे दोन गोल, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा, अजून इथे आहेत. पिकोलपास्सोचे हस्तलिखितही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दोन्ही गोष्टी गेल्याच, मग फरक काय? माझ्या मते फरक मोठा आहे. ग्रंथालय गेले ते वाड्यातून. गावाने ते घडवले नव्हते आणि त्याच्या जाण्याबद्दल गावाला कोणी विचारलेही नाही. पिकोलपास्सोने मात्र फ्रेंच कार्डिनल तूर्नोंच्या आग्रहावरून हे लिहायला घेतले, धंद्याचे गुपित परक्यांच्या हाती पडेल हे उघड असताना. गुपिते पुरून ठेवण्यापेक्षा चार जणांना कळलेली बरी, अशी त्याची भूमिका होती. बापाने मुलालाही मरताना सांगावे अशा त्या काळच्या धंद्यांत ही भूमिका सोपी नव्हती. त्याची आकृत्यांनी भरलेली पाने पाहून कोणीही भट्टी बांधू शकतो. चाकावर पाय कसा ठेवायचा तेही चित्रात दिसते. नेलेले आणि दिलेले यांची मोजदाद एकाच वहीत करता येत नाही.

तरीही गावाने आपला हिशेब केवळ दानशूरपणावर तोलावा असे मी म्हणणार नाही. 23 जानेवारी 1944 रोजी, रविवारी दुपारी, अमेरिकन विमानांनी इथे बॉम्ब टाकले आणि सुमारे 250 माणसे मेली. प्रार्थना आटोपून लोक रस्त्यावर आले होते. त्या दुपारी जे गेले त्याला कोणताही युक्तिवाद लागू पडत नाही. युद्धानंतरच्या दशकांत या खोऱ्यात जीन्स शिवण्याचा आणि धुण्याचा धंदा भरभराटला, परदेशी स्वस्त मजुरीने पुढे तो आटला, आणि मायोलिकाच्या, म्हणजे पांढऱ्या लेपावर रंगवलेल्या या भांड्यांच्या, हल्लीच्या कार्यशाळांत बरेचसे काम जुन्या नमुन्यांवरून, पर्यटकांसाठी होते. नक्कल म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की नमुन्यांची नक्कल झोआन मारियाच्या पिढीनंतर इथे सर्रास चालायचीच. जीन्सच्या धंद्याची गोष्ट निराळी. कापडाचा निळा रंग हवा तेवढाच उतरवण्याची हातोटी शिकलेली माणसे या खोऱ्यात आता म्हातारी होत आहेत, आणि त्यांच्यातल्या कोणी वही घेतली आहे का, हा प्रश्न आज उर्बानियाला विचारायला हवा.