संभागाबाहेरचं इंदूर

"इंदौर आपके संभाग में नहीं आता, मॅडम." फोनवर हे ऐकलं त्याला बराच काळ लोटला, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, इंदूर-बैतूल रस्त्यावर खातेगावजवळ ट्रकने उडवलं. डोक्याला मार, शुद्ध हरपलेली. जवळच्या रुग्णालयात डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि न्यूरोसर्जन इंदूरलाच मिळेल म्हणून सांगितलं. मग स्वतःहून म्हणाले, "आयुष्मान कार्ड असेल तर एअर ॲम्ब्युलन्ससाठी लिहून देतो." कार्ड होतं. मध्य प्रदेशात 2024 मध्ये 'पीएमश्री एअर ॲम्ब्युलन्स' सुरू झाली, आयुष्मानवाल्याला ती फुकट. हे गाडी काढून देवासहून तिकडे निघाले आणि फोनाफोनी माझ्याकडे आली.

ही सेवा मागायची कशी, ते मला त्या दुपारी कळलं. रुग्णालयाने लिहायचं, जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शिफारस करायची. संभागातल्या संभागात, म्हणजे जिल्ह्यांच्या एकाच महसुली विभागात, न्यायचं असेल तर कलेक्टरांची मंजुरी पुरते. संभागाबाहेर न्यायचं तर फाईल आणखी वरच्या कार्यालयात. आणि आमचा देवास जिल्हा उज्जैन संभागात! देवास शहरातून इंदूर चाळीस किलोमीटरसुद्धा नाही, माणसं रोज नोकरीला जाऊन येतात. पण कागदावर इंदूर परकं. भोपाळही परकं. म्हणजे आमच्या रुग्णाला ज्या दोन शहरांत मोठे उपचार मिळायचे, ती दोन्ही 'बाहेर'.

माझं माहेर धारचं. धार आणि देवास, दोन्ही पवारांची गावं. मराठी घरं दोन्हीकडे, सोयरिकी इकडून तिकडे. त्या दिवशी धाकट्या भावाने धारहून फोन केला आणि म्हणाला, "ताई, आमच्याकडे तर कलेक्टरचीच सही लागते." खरंच होतं, धार इंदूर संभागात येतं. धार जिल्ह्यातल्या कुक्षीचा माणूस आणि देवास जिल्ह्यातल्या खातेगावचा माणूस, दोघेही इंदूरपासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. दोघांची डोकी सारखीच फुटलेली. एकाचा कागद एका कार्यालयात संपतो, दुसऱ्याचा दुसऱ्या गावी जातो. संभागांच्या या रेषा महसुलासाठी आखलेल्या. मेंदूत रक्त साचत असताना त्यांचा काय संबंध? मी फोनवर हेच विचारलं. समोरचा माणूस उद्धट नव्हता. नियम सांगत होता, परत परत, शांतपणे. त्या शांतपणाचाच जास्त संताप आला.

जानेवारी 2025 मध्ये अवयवदात्याचं हृदय जबलपूरहून भोपाळच्या एम्सला हवाई मार्गाने नेलं, तेव्हा संभाग आडवा आला नाही. ठरवलं तर जमतं.

मंजुरीची वाट पाहता पाहता ऊन उतरलं. आपल्याकडे असं हेलिकॉप्टर दिवसाउजेडीच उतरतं. डॉक्टरांनी आणखी थांबायला नकार दिला आणि भाऊजींना 108 च्या रुग्णवाहिकेत घातलं. रात्री इंदूरला शस्त्रक्रिया झाली. उजवा हात अजून नीट चालत नाही, पण माणूस घरी आहे.

आता जे लिहिते ते वरच्या रागाशी जुळणार नाही. इंदूरच्या सर्जननी समजावलं, की जीव वाचला तो पहिल्या तासात घातलेल्या नळीमुळे. हेलिकॉप्टर यायचं भोपाळहून, उतरायला मोकळी, राखलेली जागा लागते, आणि रुग्णाला खाटेवरून गाडीत, गाडीतून हेलिकॉप्टरात, इंदूरला पुन्हा गाडीत, असं हलवावं लागतं. रस्त्याने गेलो ते कदाचित बरंच झालं. शिवाय पंचावन्न जिल्ह्यांसाठी एक हेलिकॉप्टर आणि एक विमान घेऊन ही सेवा सुरू झाली. मागेल त्याला पाठवता येणार नाही, कुणीतरी निवडायलाच हवं.

पण निवडणारा कोण? लंडनमध्ये 1989 पासून अशी सेवा आहे. तिथे नियंत्रण कक्षात प्रशिक्षित पॅरामेडिक बसतो, येणारे कॉल ऐकतो आणि हेलिकॉप्टर कुठे न्यायचं ते जागच्या जागी ठरवतो. आपली सेवा अपघाताच्या जागी जात नाही, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेते, हे मान्य. तरी निर्णय वैद्यकीयच आहे. तो चोवीस तास फोनवर असणाऱ्या डॉक्टरने घ्यावा. सह्या मागाहून घ्या, हिशेब मागाहून तपासा.

आणि तोवर, लांबच्या तालुक्यांत राहणाऱ्यांनो, घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड करून ठेवा. डॉक्टरांना पहिल्या अर्ध्या तासातच विचारा आणि शिफारस लेखी मागा. मात्र हेलिकॉप्टरच्या आशेवर दारातली 108 थांबवून ठेवू नका. फोन चालू राहू देत, रुग्ण रस्त्याला लागू दे.