पाझर

नवेगाव बांध हे नाव मराठी वाचकाच्या कानी पडते ते बहुधा मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून, आणि त्या नावासरशी जलाशय, पाखरे व भोवतालची अरण्याच्छादित डोंगररांग एवढेच त्याच्या चित्तात उभे राहते. या गावी मोटारीही बिघडतात आणि त्या दुरुस्त करून पोट भरणारी माझ्यासारखी माणसेही राहतात, ही गोष्ट पक्षिनिरीक्षकाच्या दुर्बिणीत येत नाही. येऊ नये हेच बरे, कारण माझ्या व्यवसायातील बहुतेक काळ गाडीखाली उताणे पडून, तोंडावर तेल पडणार नाही अशा बेताने वर पाहण्यात जातो.

गुदस्ता दसऱ्याच्या सुमारास गावातील एक निवृत्त गुरुजी आपली १९८४ सालची अँबेसेडर घेऊन आले. त्यांच्या ओसरीपुढे नुकतीच फरशी घातली होती आणि तिच्यावर रोज सकाळी हाताच्या पंजाएवढा काळा डाग उमटत असे. एका मोठ्या शहरातील कारखान्यात त्यांनी गाडी अगोदरच दाखवली होती. तेथे चेंबरचे पॅकिंग बदलले, वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, जाड तेल भरले, आणि एवढे करूनही गळती राहिली तेव्हा इंजिन खाली उतरवावे लागेल असा हुकूम सुनावला. "काहून गा मिस्त्री, एवढे पैसे गेले अन् थेंब त पडूनच रायला," ही गुरुजींची कैफियत.

तेलाचा स्वभाव असा की ते जेथून सुटते तेथे पडत नाही. वरच्या सांध्यातून निघालेला ओघळ इंजिनाच्या अंगावरून उतरतो, पंख्याचा व धावत्या गाडीचा वारा त्याला मागे रेटतो, आणि अखेरीस सर्वांत खालच्या व मागच्या एखाद्या बोल्टाच्या टोकाशी तो थेंब होऊन लोंबतो. ज्याच्या टोकाशी थेंब, तोच अपराधी, असे मानणारा कारागीर निरपराध पॅकिंगांना देहदंड देत सुटतो. आमच्याकडे ही अक्कल यायला मोटारीचे शिक्षण लागू नये. येथील तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते, आणि कोहळी समाजाची सारी कीर्तीच तलाव बांधण्याची. पाळीच्या पायथ्याशी चिखल दिसला म्हणजे तेथेच माती लोटून चालत नाही, पाणी कोणत्या अंगाने आत शिरले ते पाहावे लागते, हे येथला शेतकरी जाणतो.

म्हणून मी प्रथम काहीही उघडले नाही. रॉकेल आणि ब्रश घेऊन चाळीस वर्षांचा मळ धुऊन काढला, इंजिन पुसून कोरडे केले, आणि गुरुजींकडूनच मागून घेतलेल्या खडूची वस्त्रगाळ पूड सगळ्या सांध्यांवर उडवली. मग दहाएक किलोमीटर गाडी फिरवून आणली. पांढऱ्या पुडीवर तेल आपला मार्ग स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. तो पंचनामा कोणासही वाचता यावा इतका स्वच्छ असतो.

त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक्झॉस्टच्या मागे, हात सहज पोचत नाही अशा जागी, या इंजिनाच्या कुशीला टॅपेटची दोन पत्र्याची झाकणे असतात. त्यांतील मागच्या झाकणाचे बुचाचे पॅकिंग करपून लाकडासारखे झाले होते. शिवाय झाकण एकाच मधल्या बोल्टाने धरलेले, आणि गळती दिसली की तो बोल्ट आवळणे हाच उपाय पूर्वी कोणीतरी वारंवार केलेला, त्यामुळे पत्रा मध्ये खचून कडा उचलल्या होत्या. पत्र्याच्या झाकणाखाली बूच असले म्हणजे जोर हा शत्रू असतो. मी कडा लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केल्या आणि नवे पॅकिंग घातले.

दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक. इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याच्या तोंडावर कागद ठेवला, तो फडफडून उडाला. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू खाली उतरतोच. त्याला बाहेर जाण्यासाठी पुढच्या टॅपेट झाकणावरून एक नळी खाली सोडलेली असते. गाडी चार महिने पावसाळ्यात छपरीत उभी होती, आणि त्या अवधीत एका कुंभारमाशीने नळीच्या तोंडात मातीचे घर बांधले होते! वरची रबरी नळीही काजळीने तुंबलेली. तार घालून दोन्ही मोकळ्या केल्या तेव्हा कागद नुसता थरथरत राहिला. रिंगा झिजल्या होत्या, पण इंजिन उतरवण्याइतक्या नव्हेत.

आता मागच्या थेंबाविषयी. अँबेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची वंशज. १९५७ पासून ती उत्तरपाड्यात तयार होऊ लागली आणि २०१४ साली बंद झाली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनकडून आलेल्या तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. त्या जागी फिरत्या दांड्यावर आटे कोरलेले आहेत. दांडा फिरतो तेव्हा ते तेलाला उलट आत ढकलतात. दांडा थांबला की हा पहारा उठतो आणि उरलेसुरले तेल मागे झिरपते. आत वायूचा दाब साचला तर मात्र आटे फिरत असूनही हरतात, आणि गुरुजींच्या गाडीत नेमके तेच घडत होते. सील फुगवणारी जी औषधे दुकानात मिळतात ती येथे ओतणे म्हणजे नसलेल्या दाताला मंजन. आणि ज्याने हे इंजिन रचले त्याला पाझर ठाऊक होता: क्लचच्या घराच्या तळाशी त्याने एक छिद्र ठेवले आणि ते चिखलाने बुजू नये म्हणून त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबती सोडली, जी गाडीच्या हादऱ्यांनी हलत राहते. ते छिद्र कित्येक मिस्त्री लांबी भरून बंद करतात; मग फरशी स्वच्छ राहते आणि क्लच प्लेट तेलात न्हाऊन घसरू लागते.

गुरुजींना मी सांगितले, की डाग नाहीसा होणार नाही, रुपयाएवढा होईल. आपण आठवड्याला गेज काढून तेल दोन खुणांच्या मध्ये आहे याची खातरजमा करीत जावी, आणि ते झपाट्याने उतरू लागले तरच मला बोलवावे. त्यांना हे फारसे पटले नाही. शिक्षकाला अर्धवट सुटलेले गणित रुचत नाही.

दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा पुढे ठेवला. रोज रात्री एक कागद गाडीखाली अंथरून सकाळी त्यावर तारीख घातली होती, आणि प्रत्येक डागाचा व्यास पट्टीने मोजून समासात लाल शाईने लिहिला होता.