शिखर कुंपणात, नाश्ता पायथ्याशी

हाँगकाँगमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे ताइ मो शान. उंची ९५७ मीटर, आपल्या कळसूबाईपुढे तसा थिटाच. माथ्यावर वेधशाळेचं रडार आहे आणि त्याला कुंपण घातलेलं आहे, त्यामुळे अगदी टोकावर पाय ठेवायची सोयच नाही. तरी रविवारी भल्या पहाटे इकडे निघणाऱ्या फिरस्त्यांच्या गटांना त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यांची नजर असते डोंगर उतरल्यावर लागणाऱ्या च्युन लुंग गावातल्या चहाघरांवर. सिंहगड चढून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाणाऱ्या पुणेकराला हे समजावून सांगावं लागणार नाही. चालून भूक लागते म्हणून नाश्ता, असं या गटांतले लोक सांगतात. मला मात्र वाटतं की एका टेबलाशी मोकळेपणी बसता यावं, म्हणून आधी चालायचं असतं.

असं वाटण्याचं पहिलं कारण इथली घरं. २०२१च्या जनगणनेनुसार इथल्या मधल्या माणसाच्या वाट्याला घरात सुमारे १६ चौरस मीटर जागा येते. त्यातच पलंग, कपाट, कपडे धुण्याचं यंत्र आणि पोरांचा अभ्यास. ‘या एकदा घरी’ हे वाक्य इथे सहसा कुणी उच्चारत नाही, आणि त्यात तुटकपणा नसतो. पाहुण्याला बसवायचं कुठे हा साधा प्रश्न असतो. आपल्याकडची मैत्री मात्र घराच्या उंबऱ्यावरूनच पुढे सरकते. त्यामुळे नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिली काही वर्षं हे शहर कोरडं वाटतं. पाहुणचार इथेही आहे, पण तो चहाघरात राहतो. दुसरीकडे, याच दाटीवाटीच्या शहरात सुमारे ४० टक्के जमीन राखीव उद्यानांची आहे. धरणांना पाणी पुरवणारे डोंगरउतार आधीपासूनच मोकळे ठेवलेले होते. १९७६ साली कायदा झाला, पुढच्या वर्षी पहिली उद्यानं जाहीर झाली आणि १९७९मध्ये १०० किलोमीटरची मॅक्लेहोज वाट खुली झाली. ती याच ताइ मो शानवरून जाते. घर चिमुकलं आणि डोंगर मिनिबसच्या अंतरावर, अशा ठिकाणी माणसं बाहेर भेटणार हे ओघानंच आलं.

पण मग थेट चहाघरातच का भेटू नये? कारण टेबलाशी माणूस ओळखीच्या माणसाशेजारी बसतो. मराठी माणसं मराठी माणसांजवळ, बँकवाले बँकवाल्यांजवळ. डोंगरावरची वाट हे गणित मोडते. ती अरुंद असते, फार तर दोघं शेजारी चालू शकतात, आणि जोड्या ठरतात त्या दमावर. चढ आला की जोडी फुटते, सपाटी आली की नवी जुळते. नुकती नोकरी गेलेला माणूस समोरासमोर बसून जे बोलणार नाही, ते पुढच्याच्या पाठीकडे बघत बोलून जातो. खाली येईपर्यंत प्रत्येकाचं चार-पाच जणांशी बोलणं झालेलं असतं, आणि खुर्च्या त्याच क्रमानं भरतात.

पुढचं काम टेबल करतं. ते गोल असतं, त्यामुळे मानाची जागा फारशी कळत नाही. च्युन लुंगच्या जुन्या चहाघरात चहा आपणच करून घ्यायचा आणि वाफाळत्या बांबूच्या टोपल्याही आपणच उचलून आणायच्या. आधी गरम चहानं वाट्या आणि काड्या विसळायच्या. किटलीतून ओतताना शेजाऱ्याचा प्याला आधी, स्वतःचा शेवटी. समोरचा तोंडात घास असतानाच दोन बोटांनी टेबलावर टकटक करतो, आभार पोचले. कँटोनीजचं अक्षरही न येणाऱ्याला एवढं पहिल्याच दिवशी जमतं. शाकाहाऱ्यांची मात्र पंचाईत होते: कोळंबी नाही तर डुक्कर, आणि गावच्या मळ्यातली प्रसिद्ध वॉटरक्रेसची भाजीसुद्धा कालवांचा सॉस नको असं आधीच बजावून मागवावी लागते. अंडं चालणाऱ्यांना मालाय गोऊ नावाचा वाफवलेला केक तारतो.

जेवढं चालून जिरवलं तेवढं खाऊन भरून काढलं, हा आक्षेप सोडून देऊ. वजन घटवायला कुणी या वाटेला जात नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. या गटांतली बरीच माणसं दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातात, मग असल्या ओळखींना खोली कुठली? पण या गटांत साजरं काय होतं ते पाहा. वाढदिवस असतात, सात वर्षं पुरी होऊन कायम वास्तव्याचं कार्ड हाती आल्याची मेजवानी असते, आणि निरोपाचा नाश्ताही असतो. जाणार हे ठाऊक असूनही लोक ओळखी करतात आणि जाणाऱ्याला पोटभर खाऊ घालून पाठवतात. अशा नात्यावर मुदत लिहिलेली असते, म्हणून ते उथळ ठरत नाही. आपल्या गावी तरी किती शेजारी जन्मभर पुरतात?

तिसरा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. घरकामगार बायकांना आठवड्यातून एकच सुटी, बहुधा रविवारची. फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायकांचे गट याच डोंगरांवर हसतखेळत भेटतात, पण कचेरीवाल्यांच्या गटात त्या क्वचितच दिसतात. वाट सगळ्यांची असली तरी गट जमतो आधीच्या ओळखींतून, आणि त्या ओळखी पगाराच्या पायऱ्या ओलांडत नाहीत. चालण्यानं माणसं मिसळतात हे खरं. पण वाटेवर आलेलीच. राहता राहिले गुडघे दुखणारे. ते डोंगर टाळून छुन वानहून ८० नंबरच्या हिरव्या मिनिबसनं थेट टेबलाशी येतात, आणि यावर कुणी म्हणेल की मग चालण्याची गरजच उरली नाही. पण हे लोक येतात ते आधी कधीतरी गटाबरोबर चाललेले असतात म्हणून. अनोळखी माणसानं मिनिबसनं येऊन या टेबलाशी बसावं, असं सहसा घडत नाही.